सा शेवटी येतो

आमच्या नानांच्या चिजांच्या वहीत बिलावलाच्या चार बंदिशी संपल्या की पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘नाताळ’ एवढाच शब्द लिहिलेला आहे. त्याखाली दादऱ्याच्या सहा-सहा मात्रांचे खण पाडून, भातखंडे पद्धतीने तार सप्तकाच्या स्वरांवर टिंब देऊन, एक चाल उतरवलेली आहे : प धप ग, प धप ग, रें रें नि, सां सां प. पानाच्या तळाशी अगदी शेवटच्या स्वराभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल केला आहे आणि बाजूला बारीक अक्षरांत टिपले आहे, ‘सा शेवटी येतो.’ नाताळच्या दिवसांत मी काय ऐकते, हे सांगायचे तर सुरुवात या पानापासूनच करावी लागते, कारण पुढे मी जे जे शोधून ऐकले, ते सारे या तीन शब्दांच्या मागोमाग येत गेले.

आम्ही तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजातल्या एका वाड्यात राहत होतो. नाना ए. जी. ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीत, नोकरीला होते आणि संध्याकाळी माधव संगीत महाविद्यालयाच्या वर्गांना जात. १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली निघालेल्या या संस्थेमुळे ग्वाल्हेरच्या कितीतरी कारकुनांना आणि मास्तरांना ऐकलेली चाल कागदावर उतरवता येऊ लागली. नाना त्यांतलेच एक. वाड्याच्या माडीवरच्या दोन खोल्यांत मुरारच्या एका शाळेत शिकवणाऱ्या काकू भाड्याने राहायला आल्या. त्या अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या होत्या. मुरारची छावणी १८८६ साली इंग्रजांनी शिंद्यांना परत केली, तरी छावणीबरोबर आलेली चर्चे तिथे राहिली. पण तिथली उपासना हिंदीत चाले आणि काकूंना मराठीतून गायला ग्वाल्हेरभर कुठे जागाच नव्हती. हे त्यांनी आईला एकदा पापड लाटताना सांगितले. त्या वर्षी चोवीस डिसेंबरला त्या करंज्यांचे आणि केकचे ताट घेऊन खाली आल्या, आईने त्यांच्या हातावर गजक ठेवली, आणि नानांनी पेटी काढली.

“काय गाऊ? तुम्हाला आमची गाणी कशी वाटतील कोण जाणे,” काकू म्हणाल्या.

“तुम्ही फक्त पट्टी सांगा,” नाना म्हणाले.

पट्टी काळी दोन ठरली. आमच्या पेटीला सुराच्या खुंट्या आहेत. नानांनी काळी दोनची खुंटी ओढली, भाता मारला, आणि तो एकच षड्ज खोलीत भरून राहिला. त्यावर काकूंनी ‘सायलेंट नाइट’ हे शांत रात्रीचे गाणे मराठी शब्दांत गायले. बाहेर धुके होते, वाड्याच्या चौकातल्या दिव्याभोवती त्याचे कडे पडले होते, आणि मी आईच्या शालीत शिरून बसले होते. मला शब्द आठवत नाहीत, पण खाली धरलेला तो सूर आठवतो.

गाणे संपल्यावर नानांनी ते पुन्हा म्हणायला लावले, मग पुन्हा, आणि वही मांडीवर घेऊन उतरवून काढले. उतरवल्यावर ते काही वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “यात मधला सा कुठेच नाहीये.” ते खरेच होते. आज सगळीकडे गातात त्या रूपात ही चाल पंचमावर सुरू होते, धैवताला हात लावून गंधारावर उतरते, पुन्हा तेच करते, मग तार ऋषभावर जाते, तार षड्जावर येते, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत थेट तार मध्यमापर्यंत चढते. पण मध्य सप्तकातला षड्ज, ज्याच्या आधारावर हे सगळे उभे आहे, तो चालीत एकदाही लागत नाही. शेवटच्या ओळीत सां प ग, प म रे असे उतरत उतरत ती अगदी अखेरच्या अक्षरावर तो सा घेते, आणि गाणे तिथे संपते. तोवर तो सा फक्त नानांनी ओढलेल्या खुंटीत होता. ऐकणाऱ्याला तो पहिल्यापासून ऐकू येत होता, चाल मात्र त्याच्याकडे सगळ्यांत शेवटी आली.

या चालीचा जन्मही असाच लहानशा जागेतला आहे. साल्झबुर्गजवळच्या ओबेर्नडोर्फ गावात १८१८ सालच्या चोवीस डिसेंबरला ती पहिल्यांदा गायली गेली. शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, चाल फ्रान्झ क्सावर ग्रूबर या शाळामास्तरांची, आणि साथीला एक गिटार. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनऐवजी मांडीवर घेऊन वाजवायचे वाद्य साथीला होते, म्हणून की काय, पेटीवर ती चाल जराही परकी वाटत नाही. तिच्या सहा मात्रांचा झोका दादऱ्याच्या अगदी जवळचा आहे. हे गाणे मोठ्या वाद्यवृंदात, वाजतगाजत म्हटलेले मला आवडत नाही. तेवढे बळ त्याला सोसत नाही.

नाताळची सगळीच गाणी अशी संथ नाहीत, हे मलाही माहीत आहे. दुकानांतून डिसेंबरभर वाजणारे ‘जिंगल बेल्स’ हे घुंगुरगाडीचे गाणे अमेरिकेत १८५७ साली छापले गेले आणि त्यात नाताळचा उल्लेखही नाही. ते मी ऐकते आणि विसरते. जगाला आनंद सांगणाऱ्या ‘जॉय टू द वर्ल्ड’ या दुसऱ्या एका प्रसिद्ध गाण्याची पहिली ओळ म्हणजे बिलावलाचा सरळ अवरोह आहे, सां नि ध प म ग रे सा, एकही स्वर न वगळता. नानांनी तो मला पहिल्या वर्षी पलटे शिकवताना दाखवला होता, आणि तेव्हापासून मला त्या गाण्याविषयी माया आहे. पण ते सकाळचे गाणे आहे. नाताळ मुळात रात्रीचा सण आहे, थंडीत उघड्यावर जागणाऱ्या मेंढपाळांना जी बातमी कळली तिचा सण आहे, आणि त्या रात्रीचे संगीत मला फार पुढे, एका वेगळ्याच वाटेने मिळाले.

त्या वाटेचा पहिला टप्पा ग्वाल्हेरमध्येच होता. डिसेंबरात हजिऱ्याला, मोहम्मद घौसच्या भव्य मकबऱ्याशेजारी असलेल्या तानसेनच्या छोट्या समाधीपाशी, तानसेन संगीत समारोह भरतो. १९२४ साली शिंदे संस्थानात उर्स म्हणून सुरू झालेला हा सोहळा काही वर्षी नाताळाच्या आधी आठवडाभर येतो, तर काही वर्षी नाताळाच्याच दिवसांत येतो. संध्याकाळच्या सभा सगळ्यांना माहीत असतात. मला ओढ असते ती सकाळच्या पारंपरिक सुरुवातीची. आधी सनई वाजते, मग ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा होते, मग मिलाद, म्हणजे पैगंबरांचे गुणगान, होतो आणि समाधीवर चादर चढते. एकाच सतरंजीवर बसून हरिकथा आणि मिलाद ऐकत मी मोठी झाले, त्यामुळे काकूंचे गाणे आमच्या घरात परके का वाटले नाही, हे मला कधी कुणाला विचारावे लागले नाही.

नाना मला सायकलवर पुढे बसवून तिथे नेत. धुक्यात किल्ला दिसत नसे, नुसता त्याच्या बाजूला अंधार जास्त दाट असे. मी लहान होते तेव्हा मुख्य सनईवाल्याकडे पाहत असे, सगळे पाहतात तसे. नानांनी एकदा मला कोपरखळी मारून त्याच्या डावीकडे बसलेल्या म्हाताऱ्या साथीदाराकडे बोट दाखवले. तो एकच स्वर धरून बसला होता. सनईच्या घरात त्याला सूर देणारा म्हणतात. त्याच्या हातात सनईच असते, पण तिच्यावर तो राग वाजवत नाही, फक्त षड्ज सांभाळतो. त्याचे गाल फुगलेले होते, नाकाने श्वास चालू होता, आणि गालांतली हवा सनईत जात असताना छाती नवी हवा भरून घेत होती, त्यामुळे सूर एकदाही तुटत नव्हता. पहाटेच्या गारठ्यात त्याच्या नाकपुड्या किंचित फुलताना दिसत, तेवढ्यावरून त्याने श्वास घेतला हे कळे. “तो थांबला तर बाकीचं सगळं पडेल,” नाना म्हणाले.

पुढे मी कॉलेजात असताना दिल्लीच्या मामेभावाने मला एक कॅसेट दिली. वेष्टनावर इटालियन भाषेतली एक ओळ छापलेली होती, ‘फात्तो पेर ला नोत्ते दी नाताले’. मला इटालियन येत नव्हते, पण शेवटच्या शब्दावर डोळा अडकला. आपला नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला, आणि त्याचे सख्खे भावंड या ओळीच्या शेवटी उभे होते. ओळीचा अर्थ ‘नाताळच्या रात्रीसाठी रचलेले’ असा आहे. आर्कांजेलो कोरेल्ली या रोममधल्या व्हायोलिनवादकाची ती रचना, त्याच्या बारा कॉन्चेर्तोंच्या संग्रहातली आठवी. त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १७१४ साली, तो संग्रह छापला गेला.

दोन व्हायोलिने आणि एक चेलो पुढे, बाकीचा तंतुवाद्यांचा मेळा मागे. सुरुवातीपासून गंधार कोमल आहे, सगळ्या रचनेवर त्याची सावली आहे, मध्ये एकदा तिच्यातून बाहेर पडल्यासारखे होते आणि पुन्हा ती येते. शेवटचा जलद भाग धावत असताना कुणाला वाटावे की आता असेच संपणार, आणि तेवढ्यात गती उतरते, गंधार शुद्ध होतो, आणि खालची वाद्ये एकच लांब सूर धरून थांबतात. त्यावर दोन व्हायोलिने हातात हात घालून, तीन-तीन मात्रांच्या झोक्याने, सावकाश चालू लागतात. या भागाला पास्तोराल, म्हणजे मेंढपाळांचे संगीत, असे नाव आहे. मी ते आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकले, आणि खालचा तो धरलेला सूर येताच मला हजिऱ्याचा म्हातारा सूर देणारा दिसला. मी कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. नाना देवघरातून उठून आले आणि उभ्या उभ्या ऐकत राहिले. संपल्यावर एवढेच म्हणाले, “खुंटी ओढलीय यांनी.”

नानांना हे केवळ भास म्हणून वाटले नव्हते, आणि ते नव्हतेही. रोममध्ये पूर्वी नाताळच्या आधीच्या नऊ दिवसांत आब्रुत्सीच्या डोंगरांतून मेंढपाळ उतरून येत. त्यांना पिफेरारी म्हणत. एकाच्या काखेत कातड्याच्या पिशवीचे वाद्य असे, त्याच्या नळ्यांतून सूर अखंड चाले. दुसऱ्याच्या हातात चारामेल्ला नावाची आखूड, लाकडी, खालच्या टोकाकडे रुंद होत गेलेली पुंगी असे, तिला गवताची दुहेरी पत्ती असे आणि ती पत्ती ओठांत धरून फुंकायची असे. हे वर्णन वाचल्यावर ग्वाल्हेरच्या माणसाला चित्राची गरज पडत नाही. ती सनईच आहे. पश्चिम आशियातल्या सुरना-झुर्ना या वाद्यांच्या कुळातली एक शाखा आपल्याकडे सनई झाली, एक युरोपात शॉम झाली, तिच्यापासून पुढे ओबो निघाला, आणि एक त्या डोंगरातल्या मेंढपाळांच्या ओठांशी राहिली. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर मारियेच्या छोट्या मूर्तींपुढे हे दोघे उभे राहत, एक सूर धरी, दुसरा वाजवी. रोममध्ये राहणाऱ्या कोरेल्लीच्या कानांवर हे संगीत डिसेंबरभर पडत असणार, आणि त्याने ते व्हायोलिनांवर घेतले. दरबारी, सुसंस्कृत वाद्यांवर. पण खालचा सूर त्याने तसाच ठेवला.

एकदा हे कळल्यावर तो सूर मला जागोजागी सापडू लागला. संगीतकार हँडल तरुणपणी रोमला होता. १७०८ च्या ईस्टरला त्याची एक मोठी रचना तिथे सादर झाली तेव्हा वाद्यवृंदाचे नेतृत्व खुद्द कोरेल्लीने केले होते. पुढे १७४१ साली लंडनमध्ये त्याने अवघ्या चोवीस दिवसांत ‘मसीहा’ ही ख्रिस्तावरची मोठी रचना लिहिली. त्यात मेंढपाळांचा प्रसंग येण्याआधी फक्त तंतुवाद्यांचा एक छोटासा तुकडा आहे, धरलेल्या सुरावर डुलणारा, आणि त्याच्या माथ्यावर हँडलने ‘पिफा’ असे लिहिले आहे, पिफेरारींची आठवण म्हणून. लोक ‘मसीहा’ म्हटले की हल्लेलुयाच्या जयघोषाची वाट पाहतात, उभे राहतात, आणि तो प्रचंड आहेच. पण तो दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो, आणि त्या भागाचा विषय वधस्तंभ आणि पुनरुत्थान हा आहे. मुळात ही रचना डब्लिनमध्ये पहिल्यांदा ऐकवली गेली ती १३ एप्रिल १७४२ रोजी, थंडी संपल्यावर. म्हणून नाताळात मी फक्त पहिला भाग ऐकते, आणि त्यातही पिफापाशी पोहोचले की हातातले काम खाली ठेवते.

संगीतकार बाखचा ‘नाताळ ऑरेटोरिओ’, म्हणजे गायन-वादनातून सांगितलेली नाताळची कथा, मी वेगळ्या रीतीने ऐकते. तो सहा भागांचा आहे आणि १७३४ सालच्या नाताळात लाइप्झिशमध्ये तो एका बैठकीत नव्हे, तर पंचवीस, सव्वीस, सत्तावीस डिसेंबर, नवे वर्ष, त्यानंतरचा रविवार आणि सहा जानेवारी अशा सहा दिवसांत एकेक करून सादर झाला होता. सलग ऐकला तर दमायला होते. समारोहाच्या सभांची सवय असलेल्या आम्हाला रोज एक सभा हे गणित लगेच पटते, म्हणून मीही त्या त्या तारखेला तो तो भाग लावते. पहिल्या दिवशी दुंदुभींनी आरंभ होतो. तो आरंभ बाखने वर्षभर आधी एका राणीच्या वाढदिवसासाठी केलेल्या रचनेतून उचलला आणि नवे शब्द बसवले, हे वाचून काहींना खटकते. मला नाही खटकत. बंदिशींच्या चालींवर नाट्यपदे बांधणाऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाला चाल एका जागेहून दुसऱ्या जागी राहायला जाते, याचे नवल वाटू नये. दुसऱ्या दिवशीचा आरंभ मात्र माझा खास जिव्हाळ्याचा आहे. गाणारा कोणी नाही. एका बाजूला बासऱ्या आणि तंतुवाद्ये, दुसऱ्या बाजूला ओबोच्या जातीची चार वाद्ये, दोन मधल्या आवाजाची आणि दोन त्याहून खर्जातली. बासऱ्या-व्हायोलिने बोलतात आणि ओबो उत्तर देतात, त्याच डुलत्या लयीत. पुष्कळजण यात देवदूत आणि मेंढपाळ पाहतात. मला त्या चार दुहेरी पत्त्यांचा थोडासा खरखरीत, सकाळी उठल्यावरच्या घशासारखा आवाज येताच हजिऱ्याची सतरंजी पायांखाली जाणवते.

काकूंना हे सारे मी एकदा उत्साहाने ऐकवले होते. त्यांनी मन लावून ऐकले आणि म्हणाल्या, “छान आहे गं, पण आमचा नाताळ टिळकांच्या गाण्यांचा.” त्यांचा शब्द मी मोडत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नगरला राहून मराठी ख्रिस्ती माणसाला ओवीत, अभंगात, पेटी-तबल्यावर, कीर्तनात देवाला हाक मारायला शिकवले. ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचे पुस्तक उघडले की त्यांचे नाव पानोपानी येते. काकू ती पदे म्हणत तेव्हा त्यांचा आवाज शाळेतल्या बाईंचा राहत नसे, माहेरी गेलेल्या मुलीचा होई. आणि टिळकांच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राशोलला छापले गेले, म्हणजे कोरेल्लीचा संग्रह छापला जाण्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी नाताळची ती रात्र मराठी ओवीत आली होती आणि ती ओवी चर्चमधून गायली जात होती. हे मला फार उशिरा कळले. कळले तेव्हा वाटले, मी रोमहून घरी यायला निघाले होते आणि घर तर वाटेवर आधीच लागून गेले होते.

समारोहातली एक सभा बेहटला होते, तानसेनच्या गावी, झिलमिल नदीच्या काठी. तिथल्या शंकराचे देऊळ कललेले आहे, आणि तिथले लोक सांगतात की शेळ्या राखणारा लहानगा तानसेन रोज देवाला दूध घालायला येई आणि त्याच्या गाण्याने ते कलले. डिसेंबराच्या अखेरीस त्या काठावर कोवळ्या उन्हात बसून तंबोरे जुळताना ऐकले की, शेळ्या राखणाऱ्या पोराची ही गोष्ट मी माझ्या नाताळाच्या संगीतात धरते. २०२३ साली पंचवीस डिसेंबरलाच ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर हजाराहून अधिक तबलजींनी एकत्र तबला वाजवला, शहरभर त्याचे कौतुक झाले आणि मलाही अभिमान वाटला. पण त्या रात्री घरी आल्यावर मी खिडकी लावून पास्तोराल ऐकले, एकदा आवाज लहान करून आणि एकदा अंधारात.

नाना गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. काकू निवृत्त होऊन नगरला मुलाकडे गेल्या, पण दर वर्षी चोवीस तारखेला रात्री नऊच्या सुमाराला त्यांचा फोन येतो. मी फोन पेटीवर उभा करते आणि त्या तिकडून गातात. आता तार मध्यमावर त्यांचा आवाज पोहोचत नाही, म्हणून गेली काही वर्षे आम्ही पट्टी उतरवली आहे. काळी दोनऐवजी पांढरी एक. आमच्या पेटीच्या खुंट्या मात्र साऱ्या काळ्यांच्या आहेत, पांढरी एकला खुंटीच नाही. डावा हात भात्यावर गुंततो, उजव्याने चाल वाजवायची, मग सूर धरायला हात उरत नाही. दोन वर्षे मी अंगठा तिथे दाबून ठेवून चार बोटांनी कशीबशी साथ केली. मग आगपेटीतली एक काडी घेतली, तिचे गुलाचे टोक मोडले, पांढरी एक खाली दाबली आणि तिच्या कडेच्या फटीत ती काडी खोचली. भाता मारला तर सा लागला आणि लागून राहिला. पलीकडून काकू म्हणाल्या, “हं, आता आला ऐकू. चल, पंचम दे.”